पुन्हा सांग



आमच्या काल्हेरला गोडाऊनं इतकी, की पार्सलचा प्रवास इथल्या पोरासोरांनाही पाठ! माल येतो, पत्त्यानुसार वेगळा होतो, टेम्पोत भरतो नि कशेळीच्या पुलावरून ठाण्याकडे सुटतो. नातवाने मला नेटचा धडा दिला तो यावरूनच.

"आजोबा, तुमचा आवाज अख्खा जात नाही. त्याची बारकी पॅकेटं होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, तो आयपी अॅड्रेस. राउटर म्हणजे पत्ता बघून पुढची वाट दाखवणारा मुकादम. साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतो तो डीएनएस."

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. तेव्हापासून आजवर माझं "नेट गेलं" आणि "नेट आलं" एवढ्यावरच भागलं. वर्गात "समजलं नाही तर हात वर करा" असं सांगणाऱ्या या मास्तराने स्वतः कधी हात वर केला नाही...

या वेळी मात्र विचारलं, "पॅकेट वाटेत हरवलं तर?"

"फाइल किंवा ई-मेल असेल तर पोचपावती लागते. ती आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवतात. त्या पद्धतीला टीसीपी म्हणतात. व्हिडिओ कॉलला बहुतेक वेळा यूडीपी. तिथे थांबायला वेळ नसतो. उशिरा आलेला शब्द काय कामाचा? हरवला तो सोडून पुढे जायचं."

मी गप्पच झालो.

मागच्या पावसाळ्यात नागपूरहून दादाचा व्हिडिओ कॉल आला होता. आवाज सारखा तुटत होता. तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. मला शेवटचं "...एवढं लक्षात ठेव" तेवढं ऐकू आलं. आपल्याला कमी ऐकू येतं असं त्याला वाटेल, म्हणून मी नुसतं "हो हो" म्हटलं. चार दिवसांनी दादा गेला.

काय लक्षात ठेवायचं होतं, कोण जाणे! वहिनींनाही विचारलं. त्यांना ठाऊक नाही.

दोष नेटचा नव्हता. यंत्र ते शब्द परत मागणार नव्हतंच, ते मीच मागायला हवे होते. म्हणून मंडळी, फोनवर आपलं माणूस तुटक ऐकू आलं तर लाजू नका. सरळ म्हणा, "पुन्हा सांग."