पेशी

यवतमाळ जिल्ह्यात सकाळच्या एसटीत काखेत कागदांची थैली धरून बसलेल्या माणसाला 'कुठं चालले?' असं विचारलं, तर उत्तर येतं, 'पेशी हाय.' एवढ्यात सगळं कळतं. पुण्या-साताऱ्याकडचा माणूस इथे 'तारीख' म्हणेल. वऱ्हाडात पेशी.

शब्द फारसी आहे. 'पेश' म्हणजे समोर, पुढे. पेशी म्हणजे समोर हजर होणं. पेशवा म्हणजे पुढे चालणारा, पेशगी म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा कारकून. विज्ञानाच्या पुस्तकातली पेशी निराळी. ती संस्कृतातून आली आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याला मुख्य प्रधान केलं, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच टिकला. वऱ्हाडचा कारभार तर १८५३ पर्यंत निजामाकडे होता. मग इंग्रज आले, कायदे बदलले, पेशी तशीच राहिली.

या शब्दाचा मूळ अर्थ फार मोलाचा आहे. ज्याचं गाऱ्हाणं आहे आणि ज्याला निकाल द्यायचा आहे, ती दोन माणसं समोरासमोर यावीत, एवढंच तो मागतो. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळला वकिली करत. इतरांची बाजू कोर्टापुढे मांडणाऱ्या या वकिलाने १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात कायदा मोडून गवत कापलं आणि अटक ओढवून घेतली. सरकारसमोर आपण होऊन उभं राहण्याची ती रीत होती. पेशीचा इतका भरघोस अर्थ क्वचितच कोणी जगून दाखवला असेल.

आज तालुक्याच्या कोर्टात हा अर्थ आक्रसलेला दिसतो. बांधाच्या दाव्यातला म्हातारा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला असतो. थैलीत सातबारा, फेरफार, जुना नकाशा. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो. म्हातारा टोपी सारखी करून आत जातो, हात जोडतो आणि लगेच बाहेर येतो. वकील चिठ्ठीवर आकडा लिहून देतात : पुढची पेशी. तोंड उघडायची वेळच आलेली नसते. घरी कापूस वेचणीला आलेला, एसटीचं भाडं अंगावर, दिवस गेलेला. 'समोर येणं' संपलं आणि पेशी म्हणजे नुसती पुढची तारीख उरली.

कायद्याला हे मान्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशानुसार सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. उलट पक्षकारच गैरहजर राहिला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो किंवा एकतर्फी चालू शकतो. म्हणजे न येण्याची किंमत म्हाताऱ्याला ठाऊक आहे; येऊनही काही न घडण्याची किंमत कोणी मोजत नाही.

आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि त्यावरून पुढची तारीख मोबाइलवर पाहता येते. जिल्ह्यातल्या वकीलमंडळींना एवढीच विनंती : पक्षकाराच्या चिठ्ठीवर तारखेसोबत हा क्रमांकही लिहून द्या, आणि उद्या काम चालणार नाही हे आधी कळलं असेल, तर झरी-जामणीहून, मारेगावहून निघणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळीच फोन करा.