पाण्याची पारख

बिअर घरी करावयास शिकताना माझी पहिली चूक झाली ती पाण्याच्या बाबतीत, आणि तिचे कारण एवढेच, की चार जिनसांपैकी जव, हॉप्स व यीस्ट यांचे दाम मोजावे लागले होते, तर पाणी नळ सोडताच मिळत होते. लीड्स शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात तीन आठवडे मुरवलेली ती पहिली बाटली उघडली, तेव्हा तिला इस्पितळातल्या जंतुनाशकाचा दर्प येत होता. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा फिनॉलवर्गीय द्रव्यांशी संयोग होऊन हा दर्प उत्पन्न होतो आणि तो कितीही अल्प असला तरी जिभेला चुकवता येत नाही, हे पुढे वाचून कळले. तोवर वीस लिटर बिअर मोरीत ओतून झाली होती. तेव्हापासून पाणी आदल्या रात्री भरून, त्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी विरघळवल्याखेरीज मी भांडे शेगडीवर चढवीत नाही.

इंग्लंडातील बर्टन या गावाची कीर्ती तेथील विहिरींनी वाढवली. भूगर्भातल्या जिप्समच्या थरांतून झिरपलेल्या त्या पाण्यात सल्फेट विपुल, आणि त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा व रेखीव उमटतो. उलट बोहेमियातल्या पिल्झेनचे पाणी अत्यंत मृदू, आणि १८४२ साली तेथे जी सोनेरी बिअर जन्मास आली तिचे मार्दव बव्हंशी त्या पाण्याचे देणे आहे. आमच्या शहराचे पाणीही मृदूच असल्याने, कडवट पेल एल करावयाची असेल तेव्हा वीस लिटरांस चहाचा एक चमचा जिप्सम मी घालते. एवढ्या चिमूटभर मातीने चवीची ठेवण पालटते, याचे आश्चर्य मला अद्याप ओसरलेले नाही.

जवाच्या माल्टशी मात्र माझी ओळख पूर्वापारची निघाली. आमची आजी रत्नागिरीस नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की वाळवून व दळून तिचे सत्त्व करीत असे, आणि माल्टची रीत मुळात तीच आहे. दाणा अंकुरू लागला म्हणजे आपल्या पोटातल्या पिष्टाची साखर करणारी विकरे तो स्वतःच सिद्ध करतो. अंकुर ती शिदोरी खाऊन टाकण्यापूर्वी भट्टीच्या उष्णतेने त्याची वाढ थांबवावयाची, आणि ती विकरे मात्र जिवंत राखावयाची. चांगला माल्ट दाताखाली कुरकुरीत फुटतो व क्षणभराने गोडसर लागतो. न फुटता चिवट लागला तर त्याला ओल लागली असे समजावे.

तो दळावयाचा नसतो, भरडावयाचा असतो. आजी जात्यावर डाळ भरडताना खुंट्याला जसा हलका हात ठेवी, तसाच येथे ठेवावा लागतो, कारण आतला गर फुटला पाहिजे पण तूस शाबूत राहिले पाहिजे. चार किलो भरड ६६ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवली, की त्याच तुसांचा भांड्याच्या तळाशी थर बसून त्यातून गोड काढा स्वच्छ गळून येतो, आणि पीठ झाले असेल तर सगळे घट्ट लापशीसारखे अडून बसते.

हॉप्सविषयी थोडक्यातच सांगते. भांगेच्याच कुळातल्या या वेलीचे मादी फूल चुरडले, की बोटांना पिवळी, चिकट भुकटी लागते. कडवटपणा तिच्यात आणि सुगंधही तिच्यातच. तासभर उकळल्याने कडवटपणा काढ्यात उतरतो, पण सुगंध उडून जातो. म्हणून केंटकडच्या गोल्डिंग जातीची मूठभर फुले मी अगदी शेवटी, विस्तव काढता काढता टाकते.

राहिले यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या फर्मानाने बिअरीत जव, हॉप्स व पाणी यांखेरीज काही घालण्यास मनाई केली, पण यीस्टचा त्यात उल्लेख नाही. त्याचे कार्य उकलणारा पाश्चरचा बिअरीवरील ग्रंथ १८७६ मध्ये आला. मध्ययुगीन इंग्लंडात बिअर करणे हे बहुतांशी घरच्या बायकांचे काम होते, आणि त्या बायकांना या जिवाचे नाव ठाऊक नसले तरी एका घाण्याचा फेस दुसऱ्यास लावण्याची वहिवाट ठाऊक होती. विरजण राखणाऱ्या घरात वाढलेल्या मला ही वहिवाट शिकावी लागली नाही.

काढा वीस अंशांवर निवाला की यीस्ट सोडते. दुसऱ्या दिवशी पिंपावर दुधाळ फेसाचा जाड थर चढतो व सारे घर ओल्या पावासारख्या वासाने भरते. त्यातला चमचाभर फेस उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत घेऊन पुढच्या घाण्यासाठी शीतकपाटात, विरजणाच्या वाटीशेजारी ठेवते; झाकण पुरते आवळत नाही, कारण आत अजून धुगधुगी असते.