सुपाची कड

माझ्या कपाटात एक डायरी आहे. मी बत्तीस वर्षं सीप्झमध्ये हिशेब लिहीत होतो, त्यामुळे देवाशी बोलायचं म्हटलं तरी मला वही लागायची. डाव्या बाजूला मागणी, उजव्या बाजूला तारीख आणि पूर्ण झाली की लाल शाईची खूण. 'मुलाला बारावीला बरे गुण' असं मोघम लिहून माझं समाधान होत नसे. बैठक क्रमांक, परीक्षा केंद्राचं नाव, पेपरांच्या तारखा, सगळं टिपायचो. माहीमच्या चर्चमध्ये मातेच्या बुधवारच्या नोव्हेनाला जायचो, तिथे पेटीत चिठ्ठी टाकायची असते. एकदा मी त्या चिठ्ठीवर घराचा पूर्ण पत्ता लिहिला होता. मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई ४०००५९. बायकोने ते पाहिलं आणि माहीम स्टेशनपर्यंत हसत आली. "पोस्टमन पाठवणार आहे का ती माता?" म्हणाली.

हसण्यासारखंच होतं. पण त्यामागे जे होतं ते हसण्यासारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मी देवाला एका मोठ्या कचेरीतला साहेब समजत होतो. साहेब भला आहे, अधिकारही त्याच्याकडे आहेत, फक्त माझी फाईल त्याच्या टेबलावर पोचली नाही, अशी माझी खात्री असायची.

२०१६ च्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये बाहेरून आलेल्या एका फादरांची तीन दिवसांची प्रवचनं झाली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी स्तोत्रसंहितेतलं १३९ वं स्तोत्र घेतलं. माणसाचं उठणं-बसणं देवाला ठाऊक, तोंडातून शब्द निघण्याआधी तो त्याला ठाऊक, अशा अर्थाचं ते स्तोत्र. दुसऱ्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला डोंगरावरचा उपदेश घेतला. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते, मग फाफटपसारा कशाला? मी पाचव्या बाकावर बसलो होतो. कोणीतरी खांद्यावरचं पोतं उतरवून घ्यावं तसं मला वाटलं. त्या रात्री घरी येऊन डायरी बंद केली, वर रबर लावलं आणि कपाटात सर्वांत खाली, जुन्या वीजबिलांखाली ठेवून दिली.

त्या डायरीत एक कागद होता.

त्याच वर्षी १७ जानेवारीला, रविवारी मिस्सेनंतर, हॉलमध्ये डोळे तपासणीचं शिबिर होतं. आईला मीच घेऊन गेलो होतो. तिचं वय तेव्हा शहात्तर. मोतीबिंदू निघेल अशी माझी अटकळ होती. तपासणाऱ्या मुलीने डोळ्यांचा दाब मोजला आणि एका कागदावर लिहून दिलं: दाब चौतीस, तज्ज्ञांना लवकर दाखवावे. हा दाब साधारण दहा ते एकवीस असावा लागतो, असंही तिने मला समजावलं होतं. मी मान हलवली. घरी आलो, डायरीच्या डाव्या बाजूला 'आईचे डोळे' असं लिहिलं आणि कागद त्याच पानात घातला. माझ्या लेखी काम मार्गी लागलं होतं. देवाकडे नोंद झाली होती.

पुढच्या महिन्यात डायरीच बंद झाली आणि कागद तिच्याबरोबर गेला. मी विसरलो, हे खरं. पण अर्धंच खरं. मधूनमधून आठवण यायची. तेव्हा छपराचं काम काढलेलं, गावठाणातलं जुनं कौलारू घर, वासे वाळवीने खाल्लेले. मुलाची इंजिनिअरिंगची फी होती, पतपेढीचा हप्ता होता. आठवण आली की मी मनात म्हणायचो, देवाला ठाऊक आहे. हे वाक्य मी त्या वर्षी किती वापरलं! आधी शंभर मागण्या करणारा मी आता एकही करत नव्हतो, आणि त्यालाच श्रद्धेत झालेली बढती समजत होतो.

बायको वसईची, वाचणारी. तिला हे माझं नवं वैराग्य पटत नव्हतं. एकदा मी तिला पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. केडगावला मुक्ती मिशन कसं चाललं, हातात पैसा नाही, नुसत्या प्रार्थनेवर शेकडो मुलींची पोटं भरली. ती म्हणाली, "प्रार्थना केली, आणि विहिरीही खणल्या ना? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली कोणी आणल्या? देव घेऊन आला का त्यांना केडगावला?" मी टिळकांवर आलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक कसे हातचं देऊन मोकळे व्हायचे, उद्याची फिकीर नाही. त्यावर तिने एवढंच विचारलं, "'स्मृतिचित्रे' कोणी लिहिलं?"

मला तेव्हा तो टोमणा वाटला. आता वाटतं, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ते पुस्तक मी पुन्हा वाचायला हवं होतं. देवावर निर्धास्त विसंबणारा माणूस घरात असला की त्याच्या वाटणीची काळजी दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती हसत, चिडत केली आणि वर मिश्किलपणे लिहूनही ठेवली. आमच्या घरी ती माझी आई करत होती, आणि ती लिहिणारी नव्हती.

मे महिना आला. पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून आईने मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून जवळा, बोंबील, सोडे आणले. दरवर्षी ती ओट्यावर बसून सुपात जवळा घ्यायची आणि निवडायची. बारीक शिंपा, खडे, काड्या, मधूनच एखादा चिमुकला खेकडा. तिचा हात इतका जलद चालायचा की लहानपणी मी ते बघत बसायचो. त्या दुपारी मी कामावरून लवकर आलो होतो. सूप तिने बाजूला ठेवलं होतं, निवडून झालं म्हणून. मी पाहिलं तर मधला जवळा लख्ख, आणि कडेकडेने सगळा कचरा तसाच. एक काळी काडी तर बोटाएवढी. मी म्हणालो, "आई, मधलंच निवडलंस. कडा कोण बघणार?" तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं, बोटांनी चाचपत कडेचे खडे काढले. काही बोलली नाही. मला वाटलं, वय झालं, कंटाळा करते.

काचबिंदूत असंच होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं दिसत राहतं आणि नजर कडेने खात येते. माणसाला स्वतःलाही पटकन कळत नाही, कारण समोरचा चेहरा दिसतोय, जपमाळेचे मणी दिसताहेत, मग बिघडलंय काय?

पण आईला कळलं होतं.

सप्टेंबरात आम्ही मोतमावलीच्या जत्रेला गेलो. ८ तारखेच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या टेकडीवर ती भरते. मेट्रोने अंधेरी, तिथून लोकल आणि पुढे बसची रांग. गर्दीत सगळ्या जातीधर्माची माणसं, आमच्या आळीतल्या मालवणच्या काकूही दरवर्षी येतात. पायऱ्यांजवळच्या दुकानांत मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात. हात, पाय, हृदय, बाळ, घर आणि हल्ली परदेशी जाणाऱ्यांसाठी विमानंसुद्धा. ज्याचं जे दुखतं किंवा जे हवं, ते विकत घ्यायचं आणि मातेपुढे ठेवायचं. मी त्या वर्षी फक्त दोन साध्या मेणबत्त्या घेतल्या. मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालोही, "हे सगळं बाळबोध आहे. तिला ठाऊक नाही का कोणाला काय पाहिजे ते?"

आई एका दुकानापुढे उभी होती. तिने हातरुमालाची गाठ सोडून पैसे दिले आणि एक पुडी पिशवीत टाकली. वर चढताना पिशवी माझ्याकडे होती. पुडी सुटली होती. आत मेणाचे दोन डोळे होते, एका छोट्या पट्टीवर बसवलेले, भुवयांसकट.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"आहे एकीसाठी," ती म्हणाली.

मी पुडी बांधून दिली. आमच्या आळीतल्या एका मावशींचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यांच्यासाठी असेल असं मी परस्पर ठरवून टाकलं. तो प्रसंग आठवला की अजूनही मान खाली जाते. घरात चार माणसं, त्यांतल्या एकीने आपल्या डोळ्यांचं गाऱ्हाणं वांद्र्याच्या टेकडीवर जाऊन सांगितलं, कारण घरातल्याच्या डोक्यावर छपराचं कर्ज होतं. आणि तो घरातला, ते डोळे हातात घेऊनही, देव सर्वज्ञ आहे यावर प्रवचन देत होता.

२०१७ च्या मे महिन्यात चर्च रोडवर बाजूने आलेली एक मोटारसायकल तिला दिसली नाही. थोडक्यात निभावलं, मनगटाला प्लास्टर. हाडाच्या डॉक्टरांनी हालचाल पाहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यात नळीतून बघावं एवढीच नजर. "गेलेली परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "राहिलेली सांभाळायची. याआधी कधी दाब मोजला होता का?"

मी नाही म्हणालो.

खोटं बोलायचं मनात नव्हतं. त्या क्षणी खरंच आठवलं नाही. रात्री अडीच वाजता आठवलं. उठून कपाट उघडलं, वीजबिलं बाजूला केली, रबर तुटून डायरीला चिकटलं होतं. कागद होता तिथेच, 'आईचे डोळे' या ओळीसमोर. उजवी बाजू कोरी.

शनिवारी कन्फेशनला गेलो. आठवडाभर मनात मांडणी केली होती, ती सगळी फादरांना सांगितली: आळस, ढोंग, श्रद्धेच्या नावाखाली जबाबदारी झटकणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आईला सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. पुन्हा तेच. ज्याला आधीच माहीत त्याला सविस्तर, आणि जिचं नुकसान झालं तिला एक अक्षर नाही.

त्या संध्याकाळी कागद घेऊन आईसमोर बसलो. ती म्हणाली, "वाच." वाचला. "तारीख काय?" मी तारीख सांगितली. तिने जपमाळेवर मोजतात तसे बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "सोळा," म्हणाली. मग उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोशी, नातवाशी बोलायची. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालायला मलाच हाक मारली. एवढ्यानेच मिटलं, असं मला म्हणायचं नाही. मिटलं असेल-नसेल, ते तिचं तिला माहीत.

आमच्या चर्चचा मूळ पाया कोंडिविट्याला आहे, आता सीप्झच्या कुंपणाच्या आत. १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं ते चर्च १८४० मध्ये साथीमुळे लोकांना सोडावं लागलं. गाव उठून मरोळला आलं. कामावर असताना मी दुपारी डबा खाऊन त्या पडक्या भिंतींकडे चक्कर मारायचो. पूर्वी मला तिथे फक्त पडझड दिसायची. पुढेपुढे मी एकाच गोष्टीचा विचार करत असे. घरात माणसं मरत असताना त्या लोकांनी बाप्तिस्म्याचं कुंड उचललं, वेद्या उचलल्या आणि चालू लागले. देवाला साथीची खबर आहे, यावरची त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणून ते निघाले, असं कोणी म्हणेल का? त्यांनी प्रार्थनाही केली असेल आणि बैलगाडीही जुंपली असेल. माझ्या बाबतीत गाडी जुंपायची राहून गेली.

माझा विश्वास गेला का? नाही. पण एक प्रश्न बरेच दिवस सतावत होता. देवाला ठाऊक होतं, तर कागदाची आठवण त्याने मला का करून दिली नाही? एकदा जेवताना बायकोला म्हणालो, करून दिलीच असेल, ते सूप, ते मेणाचे डोळे, आईचं भिंत धरून चालणं, या सगळ्या खुणाच होत्या. ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "सुपाला देवदूत करू नकोस. सूप सूप होतं. तू बघितलं नाहीस, इतकंच." यावर माझ्याकडे उत्तर नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घरात आहे, त्यात ते १३९ वं स्तोत्र मी अनेकदा काढून बसतो. आपण पूर्ण ओळखले गेलो आहोत, याचा मला पूर्वी आधार वाटायचा. आता जरा भीतीही वाटते, आणि मला वाटतं ती असायला हवी.

डायरी पुन्हा सुरू केली आहे, पण मागण्यांची नाही. आईच्या थेंबांच्या वेळा, डॉक्टरांची तारीख, दाब. गेल्या वेळी सोळा होता. लाल खूण करत नाही.

मेमध्ये गावठाणातल्या क्रूसापुढे जपमाळ होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. आईला मी हाताला धरून नेतो आणि कोण कोण आलंय ते हळू सांगतो. जवळाही आता मीच निवडतो, निवृत्त माणसाला दुसरं काम काय? परवा सूप पुरं करून तिच्यापुढे ठेवलं. तिने बोटं फिरवली, आधी मध्ये, मग गोल कडेने. एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"मधलंच निवडलंस," ती म्हणाली. "कडा कोण बघणार?"

मी चमकलो. "आई, हे मुद्दाम म्हणालीस?"

"काय?" ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा कडेने फिरू लागली.