वारं फिरतं तेव्हा

सोनाळा मागे पडलं की सातपुड्याचा चढ लागतो आणि अंबाबरव्याचं रान सुरू होतं. बुलढाणा जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा, संग्रामपूर तालुक्यातला तुकडा. १९९७ मध्ये तो अभयारण्य झाला, पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पात गेला. मे महिन्यात इथला साग उघडाबोडका असतो आणि नाल्यात पाणी म्हणाल तर एखाद्या डोहापुरतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अशाच पाण्यावर मचाण बांधून वनखातं हौशी माणसांना प्राणी मोजायला बसवतं. बहुतेक जण वाघाची वाट पाहतात. मी पाहतो ती म्हाताऱ्या सांबराची.

हा गडी फार अवघड. माद्या-पिल्लं आधी येऊन जातात; तो एकटा, सगळ्यांच्या मागून येतो. दोन-अडीचशे किलोंचा देह, पण पाचोळ्यावर खूर असा टेकवतो की कान लावूनही कळत नाही. पाण्याला थेट भिडायचं नाही, लांबून वळसा घालायचा, वारा तोंडावर घ्यायचा, ही त्याची रीत. मे महिन्यात त्याच्या माथ्यावर झाडासारखी फांद्या फुटलेली शिंगं शोधू नयेत. उन्हाळ्यात ती गळतात. तेव्हा दिसतात ते मऊ लवेनं मढलेले नवे कोंब, आणि त्यांच्यावर बसणाऱ्या माश्यांना हाकलत सतत हलणारे कान. नर ओळखायचा तो मानेवरच्या राठ आयाळीवरून.

या रानात खरा कारभार वाऱ्याचा. दिवसभर तापलेल्या उतारांवरून हवा वर चढत असते. ऊन कललं की माथा निवतो आणि गार हवा नाल्यानाल्यानं खाली उतरू लागते. मधल्या वेळेत वाऱ्याचा काही नेम नसतो. समोरून येणारी झुळूक दरडीवर आदळून मागे फिरते, मानेवरचा घाम गार करते, तिथंच ओळखावं की आपला वास डोहाकडे निघाला. सांबराच्या तहानेचीही वेळ तीच. मग दाट करवंदीतून पाय आपटल्याचा आवाज येतो, पाठोपाठ ‘ढाँक!’ एवढा एकच पुकारा, आणि सगळी दरी सावध होते. मोर, वानर, सारेच.

शिकारी लोक मूठभर राख बोटांतून सोडून हे सगळं वाचत. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जाणारे आजही झाडावर बसून हेच करतात. वारा फिरला की उठून जागा बदलतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदुका उतरल्या, ते फार चांगलं झालं. आज सांबर जगभरातच असुरक्षित गणलं जातं. पण बंदुकीबरोबर वारा वाचायची विद्याही आपण टाकून दिली, याचं मला वाईट वाटतं. ती आता जास्त लागते. वारा चुकला तर शिकाऱ्याची शिकार जायची. आपला चुकला तर जनावराचं पाणी जातं. वणव्यासारख्या उन्हात दिवस काढून डोहापर्यंत आलेलं सांबर आपल्या वासानं माघारी वळतं, आणि दुसरं पाणी किती लांब आहे ते आपल्याला ठाऊकही नसतं. तक्त्यात तेवढं लिहिलं जातं: सांबर, शून्य.

म्हणून या वर्षी मचाणावर जाणार असाल तर अत्तर, सुवासिक साबण, बिडी-तंबाखू घरी ठेवा. ऊन असतानाच चढून बसा आणि सकाळपर्यंत उतरू नका. चढण्याआधी चिमूटभर राख सोडून पाहा. ती पाण्यापासून दूर, चढाकडे गेली तर रात्री वारा फिरून आपला वास डोहावर येणार; तसं असेल तर सोबतच्या वनरक्षकाला सांगा आणि संध्याकाळ व्हायच्या आत दुसरी जागा मागून घ्या.