आवड : संगीत

मावशीने आणलेल्या स्थळाच्या बायोडाटात 'आवड : संगीत' एवढंच. यात भजन समजायचं, ख्याल की नुसती रिंगटोन? विचारलं तर मावशी म्हणते, "गाणा पोटाक घालतला काय गो?"

पोटाचं माझं मी बघते. मालवणात ख्यालाची मैफल क्वचितच, पण जत्रा सुरू झाल्या की दशावतार असतो. पायपेटी, मृदंग, झांज. लिखित संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या सुचलेले. परवा राजाने पद लांबवलं, मृदंगवाल्याने हात आवरून नुसता ठेका धरला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा 'वा!' नेमका माझ्याच 'वा!'वर पडला. पत्रिकेत हे कुठल्या घरात दिसतं?

जोडीदाराची सोबत म्हटली की गायक कुमार गंधर्व आठवतात. त्यांचं १९४७ साली भानुमतीबाईंशी लग्न झालं. देवासला कुमारजी क्षयाने आजारी असताना भानुमतीबाईंनीच त्यांना सांभाळलं. पुढे त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराबाई मैफलीत मागे बसून स्वरसाथ देत. एवढं थोर काही मला नको. पहाटेपर्यंत न पेंगणारा आणि पद रंगलेलं असताना फोन न उचलणारा असला तरी पुष्कळ.

शनिवारी भेट आहे. हॉटेलातली कॉफी मी रद्द केली, रात्री दशावतारालाच ये म्हटलं. मावशीला अजून पत्ता नाही.