चोलोनची बदके आणि शेवया

परक्या मुलुखात गेलेल्या माणसाला त्या मुलुखाची ओळख देवालये व राजवाडे पाहून होते, हे खरे. पण त्याहून लवकर ती होते तेथील लोकांच्या ताटावरून. व्हिएतनाम देशातील सायगॉन या महानगराला हे विशेषच लागू पडते. १९७६ साली या शहराचे अधिकृत नाव हो ची मिन्ह नगर असे झाले; तथापि तेथील पुष्कळ रहिवासी बोलताना आजही सायगॉन असेच म्हणतात, म्हणून आपणही तेच नाव वापरू. या शहरात बदकाचे मांस आणि शेवया यांचा वाडगा दोन तऱ्हांनी मिळतो, एक चिनी आणि दुसरी व्हिएतनामी. दोन्ही तऱ्हा त्यांच्या खऱ्या चवीने चाखावयाच्या असतील तर कोठे जावे, काय पाहावे आणि त्या वाडग्यांमागे कोणता इतिहास आहे, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

आरंभ बदकापासूनच केला पाहिजे. सायगॉनच्या नैर्ऋत्येस मेकाँग नदीचा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश पसरला आहे. तेथे नजर जाईल तिकडे भाताची खाचरे. कापणी आटोपली की राखणदार बदकांचे मोठमोठे कळप रिकाम्या खाचरांत सोडतात. सांडलेले दाणे, किडे व गोगलगाई टिपून बदके पुष्ट होतात, आणि जमिनीला आयते खत मिळते. एका शिवारातले दाणे संपले की कळप पुढच्या शिवाराची वाट धरतो. भात झोडपल्यावर खळ्याभोवती दाणे टिपणाऱ्या कोंबड्या ज्याने आपल्या गावी पाहिल्या आहेत, त्याला हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही.

आता शेवयांकडे वळू. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात. सतराव्या शतकात येशूसंघाच्या मिशनऱ्यांनी स्थानिक लोकांच्या साह्याने या लेखनपद्धतीचा पाया घातला. त्यामुळे रोमी कोंकणी वाचणाऱ्या गोवेकराला तेथील पाट्यांवरची अक्षरे तरी लावता येतील. तीन शब्द ध्यानात ठेवले की पुरे. ‘वित’ म्हणजे बदक, ‘मी’ म्हणजे गव्हाच्या शेवया आणि ‘बुन’ म्हणजे तांदळाच्या शेवया. गहू ही चिनी लोकांची देणगी, तांदूळ ही व्हिएतनामी मातीची. ‘बुन’ तर आपल्या कोकणातील शिरवाळ्यांची सख्खी बहीण शोभावी. तांदळाचे पीठ भोकांच्या साच्यातून दाबून थेट उकळत्या पाण्यात सोडतात. ‘मी’च्या पिठात अंडे व थोडा खार घालतात. आपण पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचा हा खार. त्याने शेवयांना पिवळसर रंग चढतो आणि दाताखाली त्या लवचीक लागतात.

चिनी तऱ्हेसाठी चोलोन गाठावे. शहराच्या मध्यभागापासून पश्चिमेस पाच-सहा किलोमीटरांवर ही जुनी चिनी पेठ आहे. चोलोन या शब्दाचा अर्थ ‘मोठा बाजार’. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवीमुळे बिएन होआ भागातून निघालेले चिनी व्यापारी येथे येऊन वसले. पुढे १९३१ साली सायगॉन व चोलोन ही दोन शहरे एका कारभाराखाली आली. येथे कँटन प्रांतातून आलेल्या लोकांची समुद्रदेवता थिएन हाउ हिचे मंदिर न्गुएन त्राय रस्त्यावर आहे. तेथून थोडे चालले की चा ताम हे ख्रिस्तमंदिर लागते. चिनी कॅथलिकांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या मंदिराचे प्रवेशद्वार चिनी घाटाचे आहे, आणि ते अर्पण केले आहे संत फ्रान्सिस झेवियर यांना. ज्या संताचे पवित्र अवशेष जुन्या गोव्याच्या बॉम येशू बासिलिकेत आहेत, त्याच संताचे नाव या दूरच्या पेठेत भेटले की गोवेकराला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. १९६३ सालच्या २ नोव्हेंबर रोजी पदच्युत राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम व त्यांचे बंधू यांनी याच मंदिरात शेवटचा आश्रय घेतला होता. तेथून नेल्यावर त्यांची हत्या झाली.

या परिसरात हिंडताना काचेआड आकड्यांना टांगलेली तांबूस, चकचकीत बदके दिसतील. ही ‘वित क्वाय’, म्हणजे भाजलेली बदके. कातडी व मांस यांच्यामध्ये हवा भरून, वर उकळते पाणी ओतून, मग माल्टाचा पाक व व्हिनेगर यांचा लेप देतात आणि वाऱ्यावर पुरते सुकवून भट्टीत भाजतात. कातडी पापडासारखी कुरकुरीत होते ती या सुकविण्यामुळे.

परंतु वाडग्यातील खरे मानकरी म्हणजे ‘मी वित तिएम’. बदकाची तंगडी सोयाच्या रसात मुरवून आधी तळतात आणि नंतर चक्रीफूल, दालचिनी, संत्र्याची वाळलेली साल, लाल चिनी बोरे व सुकविलेली अळंबी यांच्यासह मंद आचेवर तासन्‌तास शिजवितात. रस्सा काळसर, किंचित गोड व औषधी वासाचा होतो. उत्तम वाडग्याची खूण अशी, की तंगडी अखंड दिसावी, पण काडीचा स्पर्श होताच मांस हाडापासून सुटावे. रस्सा गडद असूनही त्यावर तेलाचा जाड थर नसावा. आणि शेवया आपण बसल्यावरच उकळत्या पाण्यात पडाव्यात. सोबत कच्च्या पपईच्या आंबट फोडी येतात. बदकाच्या स्निग्धपणावर त्यांचा उतारा फार चांगला.

व्हिएतनामी तऱ्हेला ‘बुन मांग वित’ म्हणतात. ‘मांग’ म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात आपल्या कोकणात भाजीला येतात तेच. कडूपणा जावा म्हणून ते पुन:पुन्हा उकळून पाणी टाकून द्यावे लागते. येथे बदक तळत नाहीत, नुसते उकडतात. त्यामुळे लपवाछपवीला जागा उरत नाही. आले, मीठ व तांदळाची दारू चोळून पक्षी आधी नीट धुतला नसेल, तर पहिल्याच घोटाला उग्र वास येतो. रस्सा स्वच्छ व हलका. त्यात ‘बुन’, कोंब, तळलेला बारीक कांदा आणि पुष्कळदा गोठविलेल्या रक्ताचे तुकडे, आपल्याकडील रक्तीसारखे. मांस बहुधा वेगळ्या बशीत कोबी, केळफूल व सुवासिक पाला यांवर मांडून देतात. ते आले घातलेल्या ‘न्युक माम’मध्ये बुडवून खावे. ‘न्युक माम’ म्हणजे मासळी व मीठ पिंपात महिनोन्‌महिने मुरवून निथळलेला अर्क. त्याच्या वासाने नाक मुरडू नये. सुक्या बाजारात वाढलेल्या आपल्या माणसांना तो अवघड जाऊ नये.

हे वाडगे चोलोनबाहेरही शहरभर मिळतात. थान दा नावाच्या नदीने वेढलेल्या भागाची तर बदकाच्या पेजेसाठीच ख्याती आहे. दुकान निवडताना मात्र मोठ्या पाटीला भुलू नये. पन्नास पदार्थांची यादी असलेल्या ठिकाणापेक्षा जेथे दोन-तीनच पदार्थ, तेही बदकाचेच, होतात, आणि शेजारपाजारची कुटुंबे ठेंगण्या स्टुलांवर दाटीने बसलेली असतात, तेथे निर्धास्त शिरावे. चांद्रमासाच्या आरंभी बदक खाल्ल्यास दैव फिरते, अशी तेथे अनेकांची जुनी समजूत आहे. शिवाय प्रतिपदेला व पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात. सबब महिन्याच्या उत्तरार्धात, जेव्हा गिऱ्हाईक भरपूर व माल ताजा असतो, तेव्हा जाणे उत्तम.

या वाडग्यांची किंमत पैशांत मोजून भागत नाही. १९७८ च्या मार्च महिन्यात सरकारने खाजगी व्यापार बंद केला आणि चोलोनच्या दुकानांना टाळी लागली. त्या व पुढच्या वर्षी लक्षावधी माणसांनी, त्यांत चिनी वंशाच्या फार मोठ्या संख्येने, देश सोडला. पुष्कळांनी तर लहानशा नावांत बसून समुद्र गाठला आणि कित्येक त्यातच बुडाले. जे तरले ते पॅरिस, सिडनी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी निर्वासित म्हणून पोहोचले. घरदार मागे राहिले, पण हाताची चव बरोबर गेली. आज पॅरिसच्या तेराव्या विभागात किंवा सिडनीच्या काब्रामाटा उपनगरात हेच वाडगे मिळतात, ते त्यामुळे. मागे राहिलेल्यांनी वाट पाहिली. १९८६ नंतर सरकारचे धोरण बदलले, खाजगी धंद्याला पुन्हा वाव मिळाला, आणि चोलोनच्या चुली पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या.

चोलोनमध्ये आणखी एक पदार्थ आवर्जून मागावा. ‘बान होय’ म्हणजे तांदळाच्या अतिशय बारीक शेवयांची विणल्यासारखी चकती. तिच्यावर चिनी भट्टीतले भाजलेले बदक ठेवून, व्हिएतनामी पाल्यात गुंडाळून खातात. दोन समाज एका शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्यांत भांडणे झाली, राज्ये बदलली, दुकाने मिटली. तरी एकाचे बदक व दुसऱ्याचा तांदूळ एका ताटात आले, ते कायमचे. मोठ्या सभांतून जे साधत नाही ते शेजारणीच्या स्वयंपाकघरात साधून जाते, हे तर आपल्या खेड्यांतील कोणतीही गृहिणी सांगू शकेल.