शिफारस आणि प्रश्न

साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकलेल्याने पुढे करावे काय, ही चिंता आजच्या काळाची आहे असे आपण समजतो. कुंभकोणमचा इतिहास चाळला म्हणजे या समजुतीला तडा जातो. १८२८ साली येथे जन्मलेले तंजावरी मराठी टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचा मार्ग इंग्रजी शिक्षणातून राज्यकारभाराकडे गेला. देशी वाङ्मयाच्या पंडितापुढे असा राजमार्ग नव्हता. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांना १८८० मध्ये येथील शासकीय महाविद्यालयात तमिळच्या अध्यापकाची जागा मिळाली, ती निवृत्त होणाऱ्या त्यागराज चेट्टियारांच्या शिफारशीमुळे. दोघेही मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्य. गुरुबंधूचा शब्द कामी आला.

हल्ली या शब्दाची सोय करण्यासाठी एक दिवसच नेमलेला असतो. कुंभकोणमच्या एका महाविद्यालयाने मानव्यविद्यांच्या पदवीधरांसाठी असा व्यवसाय-परिचय दिन अलीकडे भरवला होता. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या प्रदेशात असल्याने मलाही निमंत्रण होते. बँक, विमा, स्पर्धा परीक्षांचे वर्ग अशी टेबले ओळीने मांडलेली होती. माझ्या टेबलावर ‘भाषा व अनुवाद’ अशी पाटी होती. बँकेपुढची रांग दारापर्यंत गेली होती. माझ्यापुढे रांग लागण्याचा प्रश्न नव्हता.

दुपारी इतिहासाची एक विद्यार्थिनी आली. तिच्या घरी आजी तंजावरी मराठी बोलत असे. हिलाही ती बोलता येई. लिहायची झाली तर ती तमिळ अक्षरांत लिही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद तिने पाहिले होते. ‘‘सर, मोडी शिकले तर नोकरी मिळेल का?’’ असे तिने सरळ विचारले. वडिलांचे दुकान नीट चालत नव्हते आणि धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे होते. अशा मुलीला विद्येच्या निरपेक्ष आनंदावर प्रवचन ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले. नोकरीची हमी देता येणार नाही, बँकेची परीक्षा अवश्य द्यावी, असे मी सांगितले. परंतु एवढ्यावर तिला परत पाठवणे जमेना. म्हणून स्वामिनाथ अय्यरांच्या चरित्रातील पुढचा भाग तिला सांगितला.

नोकरी लागली त्याच वर्षी अय्यर एका गृहस्थांना भेटावयास गेले. सेलमचे रामस्वामी मुदलियार मुन्सफ म्हणून या गावी आले होते. अय्यरांनी आपण अभ्यासिलेल्या ग्रंथांची लांबलचक नामावळी सांगितली. मुदलियारांवर तिचा काही परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचले आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. अय्यरांनी ते वाचलेले नव्हते. त्या जैन महाकाव्याचा अर्थ लावण्यासाठी हा शैव परंपरेत वाढलेला पंडित गावातील जैन कुटुंबांकडे गेला आणि १८८७ मध्ये त्याने ते छापून प्रसिद्ध केले. प्राचीन तमिळ ग्रंथांच्या पुनरुद्धाराचे त्यांचे जीवनकार्य तेथून उभे राहिले.

शिफारशीने अय्यरांना पगार दिला आणि प्रश्नाने काम दिले. पगार नसता तर ती सात वर्षे निभावली नसती, हेही तितकेच खरे. प्रश्न विचारणारा प्राध्यापक नव्हता, न्यायखात्यातला अधिकारी होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपली विद्यापीठे पदवीधरांची दोनच गटांत वाटणी करतात: विषयात राहिलेले आणि विषय सोडून गेलेले. मुदलियार या दोन्हींत बसत नाहीत. दिवसभर खटले ऐकून संध्याकाळी काव्य वाचणारा हा तिसरा माणूस आपल्या हिशेबातच नाही.

त्या मुलीने बँकेत जावे आणि मोडीही शिकावी, असे मला वाटते. तिने ते करावे असे म्हणणाऱ्या विद्यापीठांनी मात्र नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळचे वर्ग, रविवारी उघडी ग्रंथालये आणि पदवीची अट न घालणारी अभ्यासमंडळे दिली पाहिजेत. नाही तर बँकेचे टेबल तिला पगार देईल आणि आमचे टेबल नुसता सल्ला. परिचय दिनाच्या ओळीत आणखी एक टेबल हवे. तेथे बसणाऱ्याने कोणती नोकरी हवी असे न विचारता, काय वाचायचे राहिले आहे, एवढेच विचारावे.